ड्रेनेज लाईन सारखी तुंबतेय? अंगण फोडायच्या आधी हे बघा

गौरी जेवतात त्या दिवशी आमच्याकडे पंचवीस-तीस पानं उठतात, आणि सलग तीन वर्षं त्याच दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला खालचा संडास तुंबला. पहिल्या वर्षी म्हटलं गर्दी झाली, होतं असं. दुसऱ्या वर्षी म्हटलं कोणीतरी काहीतरी टाकलं असणार, आणि जावेच्या मुलाला विनाकारण बोलणी बसली (त्याने फक्त एक प्लास्टिकचा बेडूक टाकला होता, तोही आदल्या वर्षी). तिसऱ्या वर्षी हातातलं पुरणाचं ताट ओट्यावर ठेवून मागच्या अंगणात गेले तर चेंबरच्या झाकणाच्या कडेने पाणी बाहेर येत होतं, त्यावर भाताची शितं तरंगत होती आणि ते सगळं तुळशीवृंदावनाकडे निघालं होतं. तेव्हा ठरवलं की माणूस बोलवायचा, बांबू घालून घ्यायचा, पैसे द्यायचे आणि पुढच्या वेळेची वाट बघायची हे बस झालं.

मी प्लंबर नाही. बँकेत होते, आता घरी आहे. घर पुण्यात कोथरूडला, सत्तरच्या दशकात सासऱ्यांनी बांधलेला बंगला, दोन मजले. आमच्याकडे हे काम दोनदा करावं लागलं (पहिल्यांदा अर्धवट केलं म्हणून), मग माहेरी सहकारनगरला, मग नणंदेच्या सोसायटीत कर्वेनगरला, मग शेजारच्यांकडे. पाच वेळा तेच दुखणं बघितलं. जमिनीखाली स्टोनवेअरचे, आमच्याकडे येणारे मिस्त्री चिनी मातीचे म्हणतात ते तपकिरी चकचकीत पाईप, दोन-दोन फुटांचे तुकडे, आणि प्रत्येक जोडाला काथ्या कोंबून वर सिमेंट. तीस फुटांच्या लाईनीत असे चौदा-पंधरा जोड होतात. पाईप स्वतः सहसा चांगले असतात, शंभर वर्षं काही होणार नाही असे. मार खातात ते जोड. आमच्या प्लॉटवर वरची दोन फूट काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात भेगाळते, आणि सिमेंटचा जोड काही तिच्याबरोबर हलत नाही, तो तडकतो. मग त्या भेगेतून पाणी बाहेर जातं, माती आत येते, मुळं आत येतात.

म्हणून एकच सांगणं आहे, वर्षात तिसऱ्यांदा तीच लाईन तुंबली की ती साफ करणं थांबवा आणि पाईप बघायला लागा. पण बघायला लागा म्हणजे लगेच ब्रेकर आणा असं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा तेच झालं, चुकीच्या ठिकाणी बारा फूट पेव्हर उखडले आणि खाली पाईप एकदम ठणठणीत.

आधी लक्षणं

एकच ठिकाण तुंबत असेल, म्हणजे फक्त सिंक किंवा फक्त वरचं बेसिन, तर तो बहुतेक त्या ठिकाणचा लोकल चोकअप असतो, पुढचं सगळं वाचायची गरज नाही, बॉटल ट्रॅप (सिंकखालची बाटलीसारखी वाटी) खोलून साफ करा. जमिनीखालच्या लाईनची लक्षणं वेगळी. वरच्या मजल्यावर फ्लश केलं की खालच्या बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यातून, गुडगुड आवाज येतो. वॉशिंग मशीनने पाणी सोडलं की फेस दुसऱ्याच मोरीत वर येतो. तुंबतं ते नेहमी तळमजल्यावर आधी, कारण पाण्याला सगळ्यात खालचं तोंड तेच सापडतं. काही तासांनी आपोआप उतरतं आणि आपण खूश होतो, खरं तर ते पाणी भेगांमधून जमिनीत मुरलेलं असतं.

बाहेरची लक्षणं लोक बघतच नाहीत. अंगणात एकाच जागी फरशी किंवा पेव्हर दबलेला असणं, दर वर्षी मिस्त्री तो वर घेतो आणि दर वर्षी तो परत बसतो. मे महिन्यात सगळं गवत वाळलेलं आणि एकच पट्टा हिरवागार. जोत्याजवळ ओल, रंगाचे पोपडे. घुशी. घुशीचं बीळ लाईनच्या वर किंवा बाजूला असेल तर ते फार महत्त्वाचं आहे, कारण फुटलेल्या जोडातून त्या येजा करतात आणि आजूबाजूची माती उकरून पाईपखालचा आधारच काढून टाकतात. माहेरी तर आईने दोन वर्षं घुशींवर पिंजरे लावले, शेवटी लाईन बदलल्यावर घुशी गेल्या.

आणि एक लक्षण असं आहे की ते दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवायचं. जमिनीखालच्या पिण्याच्या टाकीतल्या पाण्याला वास येणं किंवा ते गढूळ दिसणं. जुन्या बंगल्यांमध्ये टाकी आणि ड्रेनेज लाईन कित्येकदा चार-पाच फुटांच्या अंतरात असते, आपल्याकडे नळाला चोवीस तास प्रेशर नसतं, पाणी गेल्यावर नळाच्या गळक्या पाईपमध्ये बाहेरचं घाण पाणी ओढलं जाऊ शकतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघायला लागले आणि दूषित पाण्यावर संशय आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी पहिल्यांदा स्वतःच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं. टाकीत शंका असेल तर ते पाणी वापरणं बंद करा, पाणी तपासून घ्या आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. बाकीची तपासणी घरी करत बसू नका.

फुकटातल्या तपासण्या

पहिली म्हणजे कॅलेंडर. तुंबलं की तारखेवर फुली मारा, बाजूला कुठे तुंबलं ते लिहा. चेष्टा वाटेल पण आमच्याकडे जुनी कॅलेंडरं काढून बघितली तर आधी दहा महिने, मग पाच महिने, मग सात आठवडे असं अंतर कमी होत आलेलं होतं. कोणी काही टाकल्याने तुंबतं ते कधीही तुंबतं, त्याला असा क्रम नसतो. अंतर कमी होत जाणं म्हणजे आत काहीतरी वाढतंय, बहुतेक मुळं, किंवा पाईप खचत चाललाय. पावसाळ्यातच तुंबत असेल तर त्याचा अर्थ वेगळा, ते पुढे सांगते.

दुसरी, वास येतोय पण तुंबत नाहीये अशी केस असेल तर न वापरलेल्या बाथरूममध्ये दोन तांबे पाणी ओता. न्हाणी ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी उभं असतं, तेच गटारातला वास आणि झुरळं अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर वापरलं नाही की ते उडून जातं. नणंदेकडे सोसायटीतल्या एका बाईंनी वासासाठी प्लंबरला तीनदा बोलावलं होतं, मी एक बादली पाणी ओतलं आणि संपलं. दर आठवड्याला एक तांब्या, एवढंच.

तिसरी, न्हाणी ट्रॅपची जाळी आणि बाहेरचा गल्ली ट्रॅप. गल्ली ट्रॅप म्हणजे स्वयंपाकघराचं आणि मोरीचं पाणी बाहेर जिथे पडतं तो छोटा चौकोनी खड्डा. त्यात तेलाचा पांढरा थर, भात, चहाचा चोथा, भांड्याच्या घासणीचे तुकडे असं सगळं साचतं. रबरी हातमोजे घाला, झारा किंवा जुनी पळी घेऊन काढा (ती पळी नंतर घरात आणू नका, सासूबाई अजून त्यावरून बोलतात). हे आधी का, तर निम्म्या वेळा हेच असतं आणि आपण उगाच पाईपला दोष देतो.

अ‍ॅसिड ओतू नका. तीस फूट लांब जमिनीखालच्या चोकअपपर्यंत ते पोचतच नाही, वाटेत जोडाचं सिमेंट खातं, आणि दुसऱ्या दिवशी जो माणूस हात घालणार असतो त्याच्या हातावर ते उडतं. अ‍ॅसिड टाकून वर ब्लीच टाकणारेही बघितलेत, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

चेंबर उघडणे

इथे खरं कळतं. आमच्याकडे तीन चेंबर आहेत, मागच्या दाराशी एक नंबर, कोपऱ्यात वळणावर दोन नंबर आणि गेटजवळ तीन नंबर, तिथून लाईन रस्त्यातल्या महापालिकेच्या लाईनला जाते. तुमच्याकडे किती आहेत आणि कुठे आहेत हेच आधी शोधा, कारण वर माती, कुंड्या, फरशी असं काहीही असतं. शेजारच्यांचं मधलं चेंबर सापडतच नव्हतं, ते स्कूटर लावायच्या ओट्याखाली निघालं.

झाकण बिडाचं असेल तर गंजून फ्रेमला चिकटलेलं असतं, कडेची माती जुन्या उलथण्याने खरवडा, मग पहारीने एक बाजू उचला, दोघंजण लागतात, बोटं खाली घालायची नाहीत. उघडलं की लगेच वाकून बघायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं तसंच उघडं ठेवा, लांब उभे राहा. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाईड असू शकतो, म्हणून काडी पेटवायची नाही, विडी-सिगरेट नाही, आणि कितीही उथळ वाटलं तरी आत कोणी उतरायचं नाही, तुम्ही नाही आणि तुम्ही बोलावलेला माणूसही नाही. हायड्रोजन सल्फाईडचं वाईट असं की प्रमाण वाढलं की नाकाला वास यायचाच बंद होतो, माणसाला वाटतं हवा मोकळी झाली. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी म्हणालं ताई आत्ता उतरून काढतो, तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

आता वाचायचं कसं. घर तुंबलेलं असतानाच चेंबर उघडायचे, उतरल्यावर उघडून काही कळत नाही. एक नंबर भरलेलं, दोन नंबर कोरडं, तर अडथळा एक आणि दोनच्या मध्ये. एक आणि दोन भरलेले, तीन कोरडं, तर दोन आणि तीनच्या मध्ये. तिन्ही काठोकाठ, तर तुमच्या लाईनला काही झालेलं नसण्याची शक्यता जास्त, रस्त्यातली लाईन तुंबली असेल, शेजाऱ्यांना विचारा त्यांचंही भरलंय का, आणि क्षेत्रीय कार्यालयात ड्रेनेजची तक्रार नोंदवा, ते काम महापालिकेचं, त्यासाठी खासगी माणसाला पैसे देऊ नका. फक्त आधी तीन नंबर ते रस्ता हा तुकडा मोकळा आहे ना ते विचारून घ्या, तो जोडणीचा तुकडा बहुतेक वेळा आपल्या गळ्यात येतो. आणि तिन्ही कोरडे पण घर तुंबलेलं, तर अडथळा घर ते एक नंबर, म्हणजे जोत्याखाली. हे सगळ्यात नको असलेलं उत्तर.

पावसाळ्यातच भरत असेल तर गच्चीच्या पाण्याचा पाईप कुठे जातो ते बघा. जुन्या घरांमध्ये कोणीतरी सोयीसाठी तो ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असतो. चार इंची लाईनला घरातलं पाणी झेपतं, गच्चीवर कोसळलेला पाऊस झेपत नाही. आमच्याकडे हे पण निघालं. पन्हाळीचा पाईप वेगळा करून बागेत शोषखड्ड्याकडे वळवला, तेवढ्याने पावसाळ्यातला निम्मा त्रास गेला. जोराचा पाऊस थांबून दोन दिवस झाले, बाहेर नुसती भुरभुर आहे, आणि तरी चेंबरमध्ये स्वच्छ पाणी संथ वाहताना दिसलं तर मात्र ते जमिनीतलं पाणी भेगांमधून आत येतंय.

रंग आणि आरसा

हे दोन प्रयोग मला सगळ्यात आवडतात. रंगपंचमीचा उरलेला रंग किंवा नीळ बादलीभर पाण्यात कालवा, वरच्या संडासात ओता आणि एक नंबरला कोणालातरी उभं करा. किती वेळात रंग दिसतो, सगळा येतो का थोडाच, हे बघा. मग दोन नंबर, मग तीन. एकातून भरभरून गेला आणि दोनमध्ये फिकट, उशिरा, थोडाच आला तर मधल्या तुकड्यात पाणी गळतंय किंवा साचतंय. एकेका नळाचा वेगळा रंग केला तर कुठलं पाणी कुठल्या चेंबरला येतं तेही कळतं, माहेरी बेसिनचं पाणी कुठल्याच चेंबरला येत नव्हतं, ते तीस वर्षं सरळ पायाजवळ मुरत होतं.

दुसरा आरशाचा. पाणी बंद ठेवा, चेंबर कोरडे होऊ द्या. दाढीचा छोटा आरसा काठीला तिरका बांधा, एका चेंबरमध्ये पाईपच्या तोंडासमोर धरा. दुसऱ्या चेंबरमध्ये मोबाईलचा टॉर्च काठीला बांधून पाईपच्या तोंडाशी. आरशात बघा. लाईन सरळ आणि मोकळी असेल तर पूर्ण गोल उजेड दिसतो, पौर्णिमेसारखा. मधे कुठे पाईप खचला असेल तर खालून किंवा वरून कापलेला चंद्र दिसतो. काहीच दिसलं नाही तर आत माती, मूळ किंवा तुटलेला तुकडा. आमच्याकडे एक ते दोन पौर्णिमा आणि दोन ते तीन मध्ये चतुर्थीच्या चंद्राची कोर, तीही केसाळ. केसाळ म्हणजे शब्दशः, उजेडाच्या कडेला बारीक काळे धागे लोंबत होते. दीर म्हणाला आरसा पुसा. आरसा पुसला, धागे तिथेच.

आरशाचा प्रयोग दोन चेंबरच्या मधली लाईन सरळ असेल तरच चालतो, मधे बेंड असेल तर नाही.

रॉड घालणे, जेटिंग, कॅमेरा

इथून पैसे लागतात. रॉड किंवा बांबूची कामटी घालणारा माणूस बोलवला तर त्याला एकच विनंती करा, अडलं तिथे रॉडवर खूण कर आणि बाहेर काढल्यावर टेप लावून मोज. तो हसेल, पण करेल. आमचं अंतर दोन नंबरपासून अकरा फूट निघालं. त्यावर अंगणात खडूने फुली मारली, आणि मग वर बघितलं तर सरळ डोक्यावर उंबर.

रॉडच्या टोकाला काय येतं ते टाकून देऊ देऊ नका, बघा. तेलकट गोळे आले तर लाईन चांगली आहे, सवयी सुधारा. कापडाचे तुकडे, पॅड, वेट वाईप्स आले तर घरात सगळ्यांना एकदा बसवून सांगा. मुरूम किंवा काळी माती आली तर पाईप फुटलाय, कारण संडासातून कोणी मुरूम टाकत नाही. तपकिरी चकचकीत खापरीचा तुकडा आला तर विषयच संपला. आमच्याकडे आला तो मुळांचा झुबका, हातभर लांब, ओला, तंतोतंत गंगावन. बाहेर जे मूळ आत शिरलं होतं ते दोऱ्याएवढं होतं, आत खतपाणी मिळाल्यावर त्याने पाईपभर जटा वाढवल्या होत्या. त्यात येणारा प्रत्येक कागद, प्रत्येक शीत अडकणार. साफ केलं की मूळ कापलं जातं, आणि कापलेली फांदी जशी जास्त फुटते तसंच तेही फुटतं, म्हणून तर ते अंतर कमी होत होतं. मोरचूद टाका असं सांगणारेही भेटतात. मूळ थोडं जळतं, भेग तशीच राहते.

जेटिंग मशीन म्हणजे जोराच्या पाण्याने लाईन धुणं. तेलासाठी, गाळासाठी उत्तम. पण जोड आधीच निखळलेले असतील तर तेच पाणी पाईपबाहेरची माती धुऊन नेतं आणि महिन्याभरात वरचा पेव्हर खाली बसतो. म्हणून रॉडला मुरूम आला असेल तर जेटिंगवाल्याला ते आधी सांगा, प्रेशर कमी ठेवू दे.

कॅमेरा पुण्यात आता सहज मिळतो, केबलला लावलेला कॅमेरा आत सोडतात, किती फुटांवर काय आहे ते स्क्रीनवर येतं. पैसे जास्त वाटतात. मलाही वाटले होते, म्हणून पहिल्या वेळी नाही केला, आणि ते बारा फूट पेव्हर उखडले त्यात चार कॅमेरे आले असते. कॅमेरा सोडायच्या आधी लाईन धुऊन घ्यायला लागते नाहीतर स्क्रीनवर फक्त काळोख. व्हिडिओ मागून घ्या, स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा, कोटेशन घेताना तोच दाखवा, मग प्रत्येकजण वेगळी गोष्ट सांगत नाही.

तुकडा बदलायचा का सगळी लाईन

एकच जोड फुटलाय, वरून टेम्पो गेला म्हणून किंवा कोणी खड्डा खणताना पहार लागली म्हणून, बाकी कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ, तर तेवढाच तुकडा बदला. पण मुळं दोन-तीन जोडांतून आलेली दिसली तर त्या दोन चेंबरमधली पूर्ण लाईन काढा. आम्ही पहिल्यांदा चार फूट बदललं, मिस्त्री म्हणाला बाकी चांगलं आहे ताई, आणि चौदा महिन्यांनी मूळ पुढच्या जोडातून आलं. मजुरी, खोदाई, पेव्हर हे सगळं दुसऱ्यांदा. पाईपची किंमत त्या सगळ्यात सगळ्यात कमी असते.

काम चालू असताना तिथे उभं राहा. हे बघायचं:

पाईपवर काय छापलंय ते वाचा. जमिनीखालच्या ड्रेनेजसाठीच्या पीव्हीसी पाईपवर आयएस (भारतीय मानक) १५३२८ असतं. घराच्या भिंतीवरून उतरणारे एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचे) पाईप आयएस १३५९२ चे, त्यात टाईप ए पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला (हवा जायच्या पाईपला), टाईप बी संडासाच्या लाईनला. दुकानदार पातळ पाईप काढून देतो आणि वर माती पडली की ते अंड्यासारखे चपटे होतात.

उतार. चार इंची लाईनला ४० फुटांत एक फूट, म्हणजे तीस फुटांत नऊ इंच. सहा इंचीला ६० त एक, म्हणजे तीस फुटांत सहा इंच. मिस्त्री डोळ्याने सांगतो बरोबर आहे, त्याला पाण्याच्या नळीने लेव्हल लावून दाखवायला सांगा. उतार सगळीकडे सारखा पाहिजे, मधे पोट पडलं तर तिथे गाळ साचणारच. जुन्या लाईनचा उतार मोजला तर तीस फुटांत जेमतेम चार इंच निघाला, म्हणजे मुळांना एकट्यांना दोष देऊन उपयोग नाही.

पाईपखाली कच (दगडाचा चुरा) किंवा बारीक मुरूम चार इंच, पाईपच्या दोन्ही बाजूंनी पण तेच, हाताने ठोकून. खणलेल्यातलेच दगड परत टाकायला सगळ्यांना आवडतं, टाकू देऊ नका. गाडी जिथून जाते तिथे पाईप फार खोल नसेल तर त्यावर काँक्रीट. वळणावर चेंबर, काटकोनी बेंड नको. चेंबरच्या तळाला अर्धगोल नाली करून बाजू उतरत्या करायला सांगा, नुसता सपाट तळ ठेवला तर मैला बाजूला साचून राहतो.

आणि माती लोटायच्या आधी खालचं तोंड बंद करून लाईन पाण्याने भरा, वरच्या चेंबरला पातळीची खूण करा, अर्धा तास चहापाणी करा, पातळी उतरली का बघा. मिस्त्रीला हे आवडत नाही. आमचा म्हणाला मॅडम वीस वर्षं काम करतोय. खूण बोटभर उतरली, एका कपलरची (दोन पाईप जोडणारा तुकडा) रबरी रिंग दुमडली होती.

उंबराचं काय झालं विचाराल. सासूबाई म्हणाल्या औदुंबराला हात लावायचा नाही, आणि तसंही महापालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, १९७५ चा झाडांचा कायदा आहे. लाईन सहा फूट सरकवली. घट्ट जोडातून पाणी पाझरलं नाही तर मुळाला तिकडे यायचं कारणच उरत नाही.

कधी थांबायचं

चेंबर कमरेपेक्षा खोल असेल, किंवा उघडल्यावर डोळे चुरचुरले, डोकं गरगरलं तर झाकण लावून लांब व्हा, त्याच्यापुढचं काम मशीनवाल्यांचं. अडथळा जोत्याखाली किंवा भिंतीच्या पायाखाली असेल तर स्वतः खणायचं नाही, आधी इंजिनिअरला दाखवा, पायाच्या बाजूची ओली माती काढली की भिंतीला तडे जातात. खड्डा चार फुटांच्या खाली चालला तर बाजूंना आधार देणारा ठेकेदार हवा, काळी माती सांगून कोसळत नाही. गेटजवळ खणताना महावितरणची केबल आणि गॅसची लाईन कुठून आलीय ते माहीत नसेल तर पहार चालवू नका. गेटच्या बाहेरचा रस्ता परवानगीशिवाय खोदता येत नाही, महापालिकेच्या लाईनला जोडणी लायसन्सवाल्या प्लंबरकडूनच करून घ्या, आणि पावसाळा जवळ आला की रस्ता खोदायची परवानगी मिळत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा, मे मध्ये नाही. भिंतीवरचे जुने करडे सिमेंटचे पाईप असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात, ते ग्राइंडरने कापू देऊ नका, धूळ फुप्फुसात जाते, ते ओले ठेवून अखंड उतरवणारा माणूस शोधा. सोसायटी असेल तर लाईन सगळ्यांची आहे, एकट्याने पैसे भरून नंतर मीटिंगमध्ये भांडण्यापेक्षा आधी सेक्रेटरीला लेखी द्या. पेठेत वाड्यात राहणाऱ्यांचं अजून अवघड, लाईन बोळातून, कधी शेजारच्याच्या खोलीखालून गेलेली असते, तिथे खणण्याआधी शेजाऱ्याशी बोलणं हीच पहिली तपासणी.

खड्डा उघडा असतानाच टेप आडवी ठेवून फोटो काढा, भिंतीपासून किती फूट, किती खोल. आमचा नकाशा मीटर बॉक्सच्या दाराला आतून चिकटवलाय, तारखेसकट. आणि चेंबरची झाकणं फरशीच्या लेव्हलला उघडी राहिली पाहिजेत, त्यावर काही बसवू देऊ नका. शेजारच्या काकांकडे सगळं काम होऊन वर्ष झालं, मागच्या महिन्यात नातवाच्या मुंजीसाठी म्हणून त्यांनी अंगणात नवीन टाईल्स टाकल्या, छान दिसतात, दोन्ही झाकणं खाली. मी कंपाउंडवरून ओरडून सांगत होते.